ॲक्सोलॉटल पाळायचाय? आधी पाण्याचं बघा

मागच्या महिन्यात या प्रश्नोत्तरांच्या सदरात एका उत्तरात ॲक्सोलॉटलचा नुसता उल्लेख झाला आणि यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे त्याचेच निघाले. म्हणून कासवं, लव्हबर्ड, मांजरं सगळ्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, हा मासा नाही, बेडकाच्या लांबच्या नात्यातला सॅलमँडर आहे, मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत तिथला, डोक्यामागे दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले असतात, आणि बेडकासारखा मोठा होऊन पाण्याबाहेर येत नाही, जन्मभर पाण्यातच राहतो. माझ्याकडे सध्या दोन आहेत.

प्रश्न: मुलगा सहावीत आहे. माइनक्राफ्टमध्ये बघून त्याला निळा ॲक्सोलॉटलच हवाय. दुकानदार म्हणतात दीड फुटाची टाकी पुरेल आणि उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्या टाकायच्या. घेऊ का?
— एक आई, डोंबिवली

ताई, निळा आधी डोक्यातून काढून टाका, तो फक्त गेममध्ये आहे. खऱ्यात काळपट-शेवाळी, पांढरा-गुलाबी, सोनेरी, पूर्ण काळा असे मिळतात आणि कुणी निळा दाखवलाच तर तो लाइटचा नाहीतर रंगाचा खेळ समजा.

दीड फुटाचं म्हणाल तर दीड बाय एक बाय एकच्या टाकीत जेमतेम ४२ लिटर पाणी बसतं. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा प्राणी वर्ष-दीड वर्षात २३ ते ३० सेंटीमीटरचा होतो, म्हणजे त्याला नीट वळतासुद्धा येणार नाही. एकासाठी तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकी घ्या. उंचीला फार महत्त्व नाही कारण तो तळावरून चालतो, सव्वा फूट पाणी भरपूर झालं, एवढ्यात साधारण दीडशे लिटर बसतं. वर जाळीचं झाकण हवं, कधीकधी उडी मारतात.

आता मुख्य गोष्ट, आणि हे वाचून मगच काय ते ठरवा. त्याला पाणी लागतं १६ ते १८ अंशाचं. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटरवर आहे, आपलं महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. पाणी २४ च्या वर जाऊन तिथेच राहिलं की त्याचं खाणं सुटतं, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी आणि शरीराचं काम मात्र जोरात, त्यामुळे तो थकतो, आणि मग कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरते. डोंबिवलीत मे महिन्यात नळाचंच पाणी ३० च्या आसपास येतं.

बर्फाच्या बाटल्यांचा हिशोब तुम्हीच करून बघा, मी मागे कागदावर केला होता तो देतो. दीडशे लिटर पाणी ३० वरून १८ वर आणायचं म्हणजे १२ अंश उतरवायचे, म्हणजे १,८०० किलोकॅलरी उष्णता बाहेर काढायची. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी १८ अंशाला येईपर्यंत साधारण ९८ किलोकॅलरी शोषतो. म्हणजे अठरा किलोच्या वर बर्फ लागला, तोही फक्त एकदा खाली आणायला, त्यानंतर खोलीची गरमी दिवसभर काचेतून आत येतच राहते तिचा हिशोब वेगळा. घरच्या फ्रीजरमध्ये एवढ्या बाटल्या मावतच नाहीत.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझी पहिली ॲक्सोलॉटल चिंगी, पांढरी-गुलाबी, तिला घेताना मलाही दुकानात हेच सांगितलं होतं, बाटल्या टाका चालतं. एप्रिलभर निभावलं. मेमध्ये सकाळी बाटल्या टाकल्या की १९-२० आणि मी ऑफिसातून येईपर्यंत २७, रोज हे वर-खाली. चौथ्या दिवशी तिने गांडूळ तोंडात घेऊन सोडून दिलं. मग कल्ल्यांची लाल पिसं झडल्यासारखी बारीक झाली, शेपटीचं टोक हुकासारखं वळलं, जे त्रासाचं लक्षण असतं हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, आणि नवव्या दिवशी गेली. मला आजही वाटतं की तिला मारलं ते माझ्या घाईने.

म्हणून चिलर लागतोच. फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असलेला डबा, पंपाने टाकीतलं पाणी त्यातून फिरवायचं आणि वर हवं ते तापमान लावून ठेवायचं. डब्यावर जेवढे लिटर लिहिलेत त्यापेक्षा एक माप मोठा घ्या कारण ते आकडे बहुतेक थंड खोली धरून काढलेले असतात, आणि तो स्टँडच्या बंद कपाटात ठेवू नका, मागून गरम हवा टाकतो, तिला जायला जागा पाहिजे. कॉम्प्रेसर नसलेले छोटे स्वस्त कूलर मिळतात ते एवढ्या पाण्याला पुरत नाहीत. आणि खोलीत एसी आहे म्हणून चिलर नको असंही नाही, एसी २४ वर असेल तर पाणीही तिथेच कुठेतरी राहणार. खर्चाचं स्पष्ट सांगतो, टाकी, स्टँड आणि प्राणी मिळून जेवढे होतील त्याहून चिलरचेच जास्त होतात, वर दर महिन्याचं लाइटबिल. आणि हा प्राणी १० ते १५ वर्षं जगतो, म्हणजे मुलगा नोकरीला लागेपर्यंत.

एवढं जमत असेल तर जरूर घ्या, मी सगळी मदत करीन. जमत नसेल तर मुलाला घेऊन गप्पी आणा, त्यांना आपली गरमी मानवते, पिल्लंही देतात, मुलाला रोज काहीतरी बघायला मिळेल.

प्रश्न: चिलर परवडत नाही. टाकीवर दोन छोटे पंखे लावले तर चालेल का?
— वाचक, नागपूर

दादा, पंख्याचं तत्त्व डेझर्ट कूलरचंच आहे, पाणी उडून जाताना गारवा करतं. त्यामुळे कोरड्या हवेत बरं चालतं, मुंबई-कोकणात फारसं नाही. पण नागपुरात मेमध्ये खोलीतलं पाणी ३४ झालं आणि पंख्याने ३-४ अंश उतरलं तरी ३०, तुमची मेहनत फुकट. डिसेंबर-जानेवारीत मात्र पंखा पुरून उरेल. चिलर असलेल्यांनीसुद्धा पंखा जवळ ठेवावा, चिलर बिघडला तर मेकॅनिक येईपर्यंत थोडा आधार होतो. लाइट जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंपही हवाच.

प्रश्न: तीन बाय दीडची टाकी बनवून घेतली, पाणी भरलं, चिलर आणि स्पंज फिल्टर चालू केलाय. दुकानदार म्हणाले चोवीस तास पाणी मुरू द्या आणि सोडा. सोडू का?
— वाचक, सांगली

अजिबात नको! आणि चिलरसुद्धा आत्ता बंद करा, का ते सांगतो.

चोवीस तासांत फक्त नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडतं, तेही सगळीकडे नाही, काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात ते असं उडत नाही. त्यासाठी ॲक्वेरियमच्या दुकानात अँटिक्लोरिन मिळतं, दर वेळी पाणी बदलताना घालायचं. पण खरा प्रश्न क्लोरीनचा नाहीच. प्राणी शी करणार, उरलेलं खाणं कुजणार, त्यातून अमोनिया होणार आणि अमोनिया त्याच्या कल्ल्यांना आणि कातडीला जाळतो. जुन्या टाकीत काही जिवाणू हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य असतं आणि आपण पाणी बदलून काढून टाकतो. तुमच्या नव्या कोऱ्या टाकीत हे जिवाणू अजून जन्माला यायचेत. ते स्पंजमध्ये वाढतात, त्यांना वाढवायचं याला सायकल करणं म्हणतात आणि याला चार ते आठ आठवडे लागतात.

करायचं असं. एक लिक्विडवालं टेस्ट किट घ्या, पट्ट्यांचं नको, थेंब टाकून रंग बघायचा असतो ते. बाजारात ॲक्वेरियमसाठी अमोनियाचं द्रावण मिळतं ते घालून टाकीत अमोनिया २ पीपीएमपर्यंत (म्हणजे दहा लाख भागांत दोन भाग) आणा. नाहीच मिळालं तर चिमूटभर माशांचं खाद्य टाकून कुजू द्या, वास येईल पण काम होतं. ओळखीत कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधल्या स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या स्पंजशेजारी ठेवा, याने आठवडे वाचतात, मी दुसऱ्या टाकीला असंच केलं.

पहिला आठवडा-दोन आठवडे काहीच घडत नाही असं वाटेल. मग एक दिवस अमोनिया उतरलेला दिसेल आणि नायट्राइटची नळी जांभळीगर्द होईल. बरेच जण इथेच अमोनिया गेला म्हणून खूश होऊन प्राणी आणतात, ही सगळ्यात धोक्याची वेळ आहे. जांभळा उतरून पुन्हा फिकट निळा व्हायची वाट बघा. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर चोवीस तासांत अमोनियाही शून्य, नायट्राइटही शून्य, आणि नायट्रेट चढलेलं, असं सलग आठवडाभर आलं की टाकी तयार.

आता चिलर बंद का ठेवायचा, तर हे जिवाणू २५ ते ३० अंशाला झपाट्याने वाढतात आणि १८ ला रेंगाळतात. आपली जी गरमी ॲक्सोलॉटलला नडते तीच इथे आपल्या कामी येते. सायकल पूर्ण झाली की बरंचसं पाणी बदलून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणा, मग चिलर चालू करून दोन-तीन दिवसांत हळूहळू १८ वर या, परत एकदा टेस्ट घ्या कारण गार पाण्यात जिवाणूंचं काम मंदावतं, आणि अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य आले तर मग प्राणी आणायला निघा.

त्यानंतर आठवड्याला वीस ते तीस टक्के पाणी बदलायचं. शी दिसली की लगेच मोठ्या सिरिंजने नाहीतर सायफनने उचलायची, पडून राहू द्यायची नाही. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने सगळे जिवाणू मरतील, टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकासा पिळा. बोअरचं पाणी असेल तर घाबरू नका, ॲक्सोलॉटलला थोडं जड पाणीच आवडतं, पीएच ७.४-७.६ उत्तम, फक्त आधी तपासून घ्या. आरओचं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षारच नसतात. आणि चिलरचा परतीचा पाइप काचेकडे तोंड करून लावा, ॲक्सोलॉटलला जोराचा प्रवाह सोसत नाही, कल्ले सतत पुढे वळलेले दिसले तर समजायचं की प्रवाह जास्त होतोय.

कुणी आधीच प्राणी आणून बसला असेल तर त्याला टाकीत न ठेवता मोठ्या प्लास्टिक टबमध्ये ठेवा, अँटिक्लोरिन घातलेलं आणि १६ ते १८ अंशाला गार केलेलं पाणी रोज पूर्ण बदला, आणि टाकी बाजूला तयार होऊ द्या. दीड-दोन महिने रोजचं काम आहे, पण प्राणी वाचतो.

प्रश्न: तळाला रंगीत खडे टाकलेत, छान दिसतात. काढावे लागतील का?
— वाचक, नाशिक

हो, आजच काढा. हा प्राणी चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट समोरचं आत ओढतो, त्यात खडा गेला की आतडं बंद. तळ मोकळा ठेवा नाहीतर एकदम बारीक चाळलेली वाळू घाला, तीही प्राणी पाच-सहा इंचाचा झाल्यावर. लपायला जागा मात्र हवी. मी कुंभाराकडून साध्या मातीच्या कुंड्या आणल्या, उभ्या अर्ध्या केल्या, कडा पॉलिश पेपरने घासघासून बोट फिरवलं तरी लागणार नाही अशा केल्या, आणि खालचं भोक आधी बुजवलं कारण त्यात डोकं अडकू शकतं. प्लंबिंगचा चार इंची पीव्हीसी पाइपही उत्तम. एका प्राण्याला निदान दोन जागा द्या. झाडं लावायची तर जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस, कमी उजेडात तगतात.

प्रश्न: आमचा गांडूळखताचा वाफा आहे. तीच गांडुळं खायला घातली तर चालतील ना?
— वाचक, सातारा

गांडूळ हे त्याचं सगळ्यात उत्तम खाणं, पण खताच्या वाफ्यात बहुतेक लाल बारीक आयसेनिया जातीची असतात, ती धरल्यावर अंगातून पिवळसर कडवट रस सोडतात. माझा काळू असं गांडूळ ओढून घेतो, दोन सेकंद थांबतो आणि मान झटकून थुंकतो, मग अर्धा तास कोपऱ्यात. काहींना चालतात, बऱ्याच जणांना नाही. शेतातली साधी मोठी गांडुळं मिळाली तर ती द्या, मात्र फवारणी आणि रासायनिक खत नसलेल्या जमिनीतली, स्वच्छ धुऊन, गरज पडली तर तुकडे करून. मोठ्या प्राण्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, लहानांना रोज. गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या बारीक लाल अळ्या) जोडीला ठीक, तेवढ्यावर पोट भरत नाही. चिकन-मटण नको, पचत नाही. गप्पी किंवा गोल्डफिश खायला सोडू नका, रोग आणि परजीवी घेऊन येतात. सोबतीला म्हणूनही कुठलाच मासा नको, मासे त्याचे कल्ले टोचतात, आणि काच साफ करणारे सकर मासे तर त्याच्या अंगाला चिकटून कातडी खरवडतात.

लहान पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय तोडतात. पाय परत येतो, काही आठवड्यांत आधी बोंड, मग बोटं, सगळं नीट, पण म्हणून तोडू द्यायचे का? वेगळी ठेवा.

प्रश्न: आम्ही फ्रीमाँटला असतो. मुलीला ॲक्सोलॉटल हवाय पण इथे कुठे मिळतच नाही. भारतातून आणता येईल का?
— वाचक, कॅलिफोर्निया

मिळत नाही कारण कॅलिफोर्नियात पाळायला बंदी आहे. तिथे त्याच्याच कुळातला स्थानिक टायगर सॅलमँडर आहे, तो धोक्यात आहे, सुटलेल्या ॲक्सोलॉटलमुळे त्याला रोग किंवा संकराचा धोका नको म्हणून. त्यामुळे कुठूनही आणू नका, आणि भारतातून तर प्रश्नच नाही, तो सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

इथल्या वाचकांसाठीही सांगतो. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा बदलला आणि २०२४ च्या नियमांनुसार सायटिसच्या यादीतला जिवंत प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद मागा. तो टाळाटाळ करत असेल तर तिथून घेऊ नका.

प्रश्न: जंगलातून ॲक्सोलॉटल संपत चाललेत असं वाचलं. मग घरी पाळणं चुकीचं नाही का? आणि रात्री टॉर्च लावून बघितलं तर त्याला त्रास होतो का?
— कॉलेजची विद्यार्थिनी, पुणे

पहिला प्रश्न मलाही खूप वर्षं छळत होता. सोचिमिल्कोत १९९८ मध्ये एका चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० मोजले होते, २०१४ मध्ये ते ३६ वर आले. शहराचं सांडपाणी, आणि लोकांच्या अन्नासाठी म्हणून सरकारनेच सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे, जे अंडी-पिल्लं फस्त करतात. पाळलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. १८६४ मध्ये ३४ प्राणी पॅरिसला नेले, त्यातले सहा ऑगस्ट ड्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे गेले, आणि आज प्रयोगशाळांत आणि घरांत दिसणारे बरेचसे त्या सहांचे वंशज आहेत. म्हणजे घरी पिढ्यानपिढ्या वाढलेला घेतल्याने सोचिमिल्कोतला कमी होत नाही, पण आपण पाळल्याने तिथला वाचतही नाही, हे पण तितकंच खरं. पाळलेला कुठल्याही तळ्यात सोडायचा नाही, पाषाणच्याही नाही, तो तर मरेलच, वर आपल्या बेडकांना रोग देऊन जाईल.

तिथलं खरं काम मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात लुईस झांब्रानो आणि त्यांचे सहकारी करतायत. कालव्यांमधल्या चिनांपा शेतांच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन ते छोटे कालवे जाळ्या लावून अडवतात, म्हणजे कार्प आत येत नाहीत आणि पाणी गाळलं जातं. त्यांची दत्तक मोहीम आहे, पैसे देऊन तिथल्या ॲक्सोलॉटलच्या जागेला मदत करता येते. तुला मनापासून काही करायचं असेल तर तिकडे कर, आणि पाळायचाच असेल तर वर सांगितलेलं सगळं नीट जमवून पाळ.

टॉर्चचं म्हणशील तर हो, त्रास होतो. त्याला पापण्या नसतात, डोळे मिटताच येत नाहीत, म्हणून टाकीचा लाइटही मंद ठेवायचा आणि खिडकीचं ऊन थेट येऊ द्यायचं नाही. बघायचं असेल तर सगळे दिवे बंद कर, फक्त पॅसेजचा चालू ठेव आणि दहा मिनिटं गप्प बसून राहा. आधी कुंडीतून चार बोटांचा एक पुढचा पाय बाहेर येतो, मग रुंद डोकं, मग सहाही कल्ले एकदम मागे झटकतो आणि वाळूवरून एकेक पाय टाकत चालायला लागतो. तेवढ्या उजेडात सगळं दिसतं.